तापीच्या उतारावरचे थाळनेर

धुळ्याहून इंदूरच्या दिशेने निघालेल्या गाड्या सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडतात, शिरपूरला चहापाणी उरकतात आणि बिजासनीच्या घाटाकडे मार्गस्थ होतात. या पुलाच्या वरच्या अंगाला, नदीच्या त्याच उत्तर काठावर थाळनेर नावाचे गाव आहे. शिरपूरपासून ते पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर असेल. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारुकी घराण्याने खानदेशात आपले राज्य उभे केले, तेव्हा त्यांची पहिली राजधानी हेच गाव होते. आज तेथे किल्ल्याचे ढासळलेले बुरूज आहेत, सुलतानांची घुमटबंद थडगी आहेत, नदीकडे उतरणाऱ्या वाटा आहेत आणि कोणत्याही गोष्टीची घाई नसलेली माणसे आहेत. गावाला एकेकाळी जे महत्त्व आले आणि आज जी निवांत कळा लाभली आहे, त्या दोहोंचे कारण मला एकच दिसते. येथे तापीला उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी जागा होती, आणि पुढे त्या उताराची कोणाला गरज उरली नाही.

शिरपूरला मामांकडे गेलो असता त्यांच्याच मोटारसायकलवर आम्ही दोघे तेथे गेलो. मार्गशीर्षातली सकाळ होती. कापसाची शेवटची वेचणी चाललेली होती, केळीच्या बागांना पाणी सुरू होते आणि मधूनमधून पपईची शेते लागत होती. वाटेत मामा सांगत होते की त्यांच्या लहानपणी या भागातली हिरवळ एवढी नव्हती. नदी शेजारून वाहत असली तरी तिचे पाणी शेताला मिळत नसे. हे ऐकताना विरोधाभासाचे वाटते, पण तापीचा काठ एकदा पाहिला की त्याचा उलगडा होतो. मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत ही नदी सुमारे 724 किलोमीटर वाहते, आणि खानदेशच्या सपाट काळ्या जमिनीतून जाताना तिने आपले पात्र खोलवर कापून घेतले आहे. दोन्ही काठांना पिवळसर मातीच्या उंच दरडी उभ्या आहेत आणि त्या दरडींना पावसाच्या पाण्याने घळी पाडल्या आहेत. मोटेच्या काळात एवढ्या खालून पाणी वर आणणे परवडणारे नव्हते, म्हणून बागायत विहिरींवर आणि पांझरा, गिरणा यांसारख्या उपनद्यांच्या पाटांवर चाले. तापीमाय पूजेची आणि स्नानाची. शेताला तिचा उपयोग बेताचाच.

हीच उंच दरड प्रवाशालाही आडवी येत असे. माणूस कोठूनही खाली उतरेल, पण लादलेले बैल, उंटांचे तांडे, गाडे आणि तोफा उतरवायच्या तर काठ जेथे सौम्य आहे आणि पात्रात पाणी उथळ व तळ टणक आहे, अशीच जागा हवी. अशा जागा मोजक्या असतात, आणि त्या ज्याच्या हातात असतील त्याच्या हातात वाटेची जकात असते. सुरतेच्या बंदरावरून बऱ्हाणपूर आणि पुढे आग्र्याकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता खानदेशातून जाई. सतराव्या शतकात या रस्त्याने गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात मुक्कामांची यादी दिली आहे: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, सांकळी, रावेर, बऱ्हाणपूर. आपल्याकडच्या एस.टी.च्या पाटीवर शोभेल अशीच ही यादी आहे. थाळनेरला नदी ओलांडावी लागते, असे तो आवर्जून लिहितो. मात्र ही नदी भडोचला जाते, असेही लिहून टाकतो. तापीला त्याने नर्मदेच्या मुखाशी नेऊन पोहोचवले, हे खानदेशी वाचकाने त्याला माफ करायला हरकत नाही. आपल्यासाठी महत्त्वाची नोंद नदी ओलांडण्याची आहे.

गावात शिरल्यावर चौकातल्या हॉटेलात चहा घेतला. बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "कोठून उनात भाऊ?" मामांनी शिरपूरचे नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच गल्ली, आडनाव आणि सोयरसंबंध विचारून आम्हाला कोठे बसवायचे ते मनाशी ठरवून टाकले. किल्ला पाहायला आलो आहोत, असे मी म्हणालो, तेव्हा ते हसले. "आथा काय शे देखाले? बठ्ठं पडी गयं." बठ्ठं म्हणजे सगळे. त्यांच्या स्वरात खंत मुळीच नव्हती. पडायचे ते पडले, अशा समजुतीने त्यांनी पुढचा घोट घेतला आणि वाट दाखवायला एका पोराला आमच्या सोबत दिले.

खरोखरच बरेच पडले आहे. डोंगरी किल्ल्यांची सवय झालेल्या माणसाला थाळनेरचा किल्ला प्रथम किल्ला वाटणारच नाही. चढ नाही, कातळ नाही, पायऱ्या नाहीत. नदीच्या काठावर एक मातीचे उंच टेकाड आहे आणि त्याच्या कडांना विटा, दगड आणि पांढरीची माती यांनी बांधलेल्या तटाचे व बुरुजांचे अवशेष चिकटून राहिले आहेत. पायाखाली जागोजाग खापऱ्या लागतात. अशा टेकाडांत वस्तीवर वस्ती रचत गेलेली असते. घरे पडतात, त्यांच्या मातीवर नवी घरे उभी राहतात आणि शतकांनंतर गावच जमिनीपासून वर उचलले जाते. दख्खनच्या पठारावर किल्ल्याला डोंगराचा आधार मिळतो, खानदेशच्या मैदानात तो मिळत नाही. येथे नदीची दरड आणि माणसांनी साठवलेली माती यांवरच भागवावे लागले. सह्याद्रीतल्या गडांच्या मापाने थाळनेर मोजणारे गिर्यारोहक निराश होऊन परततात आणि तसे लिहूनही ठेवतात. मला वाटते, येथे ठाणे वसवणाऱ्याचे डोळे आभाळाकडे नव्हते, ते पात्राकडे होते. तटाच्या नदीकडच्या अंगाला उभे राहिले की हे लगेच पटते. वरून पात्राचा मोठा पट्टा एका नजरेत येतो. पलीकडच्या काठावरून पाण्यात पाय घालणारा कोणीही माणूस बुरुजावरच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीतून सुटणे शक्य नव्हते.

नदी मात्र राखणदारीचे भाडे वसूल करीत असते. पावसाळ्यात वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापी दोन्ही काठांना भिडते, आणि ओसरताना दरडीचा पाया पोखरून जाते. तटाचा नदीकडचा भाग का उरला नाही, हे विचारण्याचे कारण पडत नाही. उरलेल्यापैकी बरेचसे गावाच्या घरांत गेले असणार. पक्की भाजलेली वीट आयती मिळत असताना भट्टी कोण लावील? मला यात गावकऱ्यांना बोल लावावासा वाटत नाही. किल्ल्याच्या धन्यांनीही त्याआधीच्या कोणाच्या तरी घराची वीट वापरलीच असेल.

आता फारुकींविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खानदेशात राहूनही आपण त्यांना फारसे ओळखत नाही. घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक गुजरातेकडे असताना शिकारीत वाट चुकला, भुकेला झाला आणि या तरुणाने त्याला आपल्याजवळचे खाणे दिले, अशी कथा फरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. कथेतले तथ्य किती, हे बाजूला ठेवले तरी 1370 मध्ये थाळनेर आणि करवंद ही ठाणी मलिक राजाला जहागीर म्हणून मिळाली, हे निश्चित आहे. करवंद आजही शिरपूर तालुक्यातच आहे. पुढे दिल्लीचा दरारा ओसरल्यावर त्याने स्वतंत्रपणे कारभार सुरू केला. दुसरा खलिफा उमर अल्-फारुक याच्यापासून आपला वंश निघाला, असे हे लोक सांगत, म्हणून घराणे फारुकी झाले. गुजरात, माळवा आणि बहमनी अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये हे चिमुकले राज्य दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. 1601 मध्ये अकबराने बऱ्हाणपूरजवळचा असीरगड घेतला तेव्हा ते संपले. एवढा काळ टिकण्यासाठी शौर्याहून जास्त सोयरीक लागली. मलिक राजाने माळव्याच्या दिलावरखान घोरीशी चक्क साटेलोटे केले: त्याची मुलगी आपल्या मुलाला केली आणि आपली मुलगी त्याच्या मुलाला दिली. तो जावई म्हणजेच मांडूचा प्रसिद्ध सुलतान होशंगशाह.

मलिक राजा 1399 मध्ये वारला आणि थाळनेरलाच पुरला गेला. त्याच्या दोन मुलांपैकी थोरला नसीरखान असीरगडाकडे वळला. आसा अहीर नावाच्या गवळी सरदाराकडून त्याने तो किल्ला डोल्यांत स्त्रियांऐवजी हत्यारबंद माणसे पाठवून घेतला, असे सांगतात. मग त्याने तापीच्याच काठावर पूर्वेला बऱ्हाणपूर वसवले. बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्या नगराला दिले. थाळनेर धाकट्या भावाकडे, इफ्तिखारकडे होते. 1417 मध्ये नसीरने माळव्याची कुमक आणून ते भावाकडून हिसकावून घेतले. पण घेऊनही तो येथे राहिला नाही. पेठा, कारखाने, दरबार सारे बऱ्हाणपूरला गेले आणि थाळनेरचा राजधानीचा काळ तेथेच आटोपला.

येथेच मला या गावातली सर्वांत विलक्षण गोष्ट दिसते. राजधानी बऱ्हाणपूरला गेल्यावरही सुलतान पुरले जात ते थाळनेरला. नसीरखान 1437 मध्ये वारला, त्याचा मुलगा मीरान आदिलखान 1441 मध्ये मारला गेला, नातू मुबारकखान 1457 मध्ये गेला, आणि या तिघांनाही मलिक राजाच्या शेजारी येथे मूठमाती मिळाली. भावाशी भांडून जे गाव घेतले, तेथे जिवंतपणी राहायचे नाही आणि मेल्यावर मात्र यायचे, हा नसीरखानाचा हट्ट मला समजू शकतो. आपल्या घरांतही नोकरीधंद्यासाठी सुरत-पुण्याला गेलेली मंडळी कुलदैवताच्या जाऊळ-मुंजीला आणि शेवटच्या कार्यांना खानदेशात येतातच.

थडग्यांचा समूह किल्ल्यापासून वेगळा, मोकळ्या जागेत आहे. पुरातत्त्व खात्याने ही जागा संरक्षित केलेली आहे. चौरस पायाच्या जाडजूड भिंती, वर बसका भारदस्त घुमट, आत थंडगार काळोख आणि पारव्यांची घुटर्घू, असे बहुतेकांचे रूप आहे. त्यांत एक इमारत अष्टकोनी आहे आणि सगळा डौल तिच्या वाट्याला आला आहे. तिच्या आठही बाजू पुनःपुन्हा फिरून पाहाव्यात अशा आहेत. दगडावरची नक्षी उन्हाचा कोन बदलला की वेगळी दिसते. कारागिराला येथे हात आखडता घ्यावा लागलेला नाही. मांडूला होशंगशाहचे संगमरवरी थडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सगळ्या इमारतींची ठेवण ओळखीची वाटेल. स्थापत्याच्या अभ्यासकांनीही माळव्याच्या शैलीशी असलेले हे साम्य नोंदवले आहे. साटेलोट्यातून आलेल्या नात्यांबरोबर गवंडीही आले असतील, अशी कल्पना करायला मला आवडते. माझ्या सोबतचा पोरगा या घुमटांना हजिरा म्हणत होता. एका घुमटाखाली तोंड वर करून त्याने आपल्याच मित्राच्या नावाने हाक मारली आणि परत येणारा आवाज आम्हाला ऐकवला. हे त्याचे नेहमीचे काम असावे.

किल्ल्यावर परत येताना मामांनी 1818 ची गोष्ट काढली. तेव्हा थाळनेर होळकरांकडे होते. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारीत झालेल्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. जनरल सर थॉमस हिस्लॉप आपली फौज घेऊन दक्षिणेकडे परतत होता आणि त्यालाही तापी उतरायची होती, तीही येथेच. 27 फेब्रुवारी 1818 रोजी तो थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा. तहाप्रमाणे किल्ला खाली करा, नाहीतर बंडखोर समजून वागवू, असा निरोप त्याला गेला, पण किल्ल्यातून गोळ्याच आल्या. इंग्रजांनी तोफा पुढे आणून दरवाजा फोडायला घेतल्यावर किल्लेदार बाहेर येऊन त्यांच्या हाती लागला. एकामागे एक दरवाजे ओलांडत इंग्रज सगळ्यांत आतल्या दरवाजापाशी पोहोचले. आत प्रामुख्याने अरब शिबंदी होती. बोलाचाली चालू असतानाच काही इंग्रज अधिकारी दिंडीदरवाजातून आत शिरले, तेथे झटापट झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. त्यानंतर आत घुसलेल्या फौजेने अडीचशे-तीनशे माणसांची ती शिबंदी कापून काढली आणि त्याच दिवशी तुळशीराम मामाला फाशी दिली.

या प्रकरणाची लाज खुद्द विलायतेतही वाटली. 1819 मध्ये ब्रिटिश संसदेत या मोहिमेच्या सेनानींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवर प्रश्न विचारले गेले आणि आभारांत त्या कृत्याची संमती धरू नये, असे स्पष्ट करावे लागले. तोफा पाहूनही किल्ला न सोडणाऱ्या किल्लेदारांच्या कथा मराठी मुलखात कमी नाहीत, आणि त्यांतल्या काहींवर पोवाडेही रचले गेले. तुळशीराम मामाच्या नावाचा दगड मात्र मला किल्ल्यावर कोठे आढळला नाही. त्याला वीर म्हणावे की परिस्थिती न ओळखणारा हेकट माणूस, याविषयी आमचे मामा-भाचे असे दोघांचे एकमत झाले नाही. शरण आलेल्याला फाशी देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, यावर मात्र झाले.

दुपारी चौकातल्याच खाणावळीत शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि कांदा असे जेवलो. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली. हिवाळ्यात तिच्यासोबत हिरव्या वांग्याचे भरीत मिळाले तर उत्तमच. शेवभाजीचा रस्सा तिखट होता आणि वाढणाऱ्या ताईंनी तो न विचारता पुन्हा वाढला. जेवताना मंगेशकरांचा विषय निघणे अपरिहार्य होते, कारण थाळनेर हे त्यांचे आजोळ. मास्टर दीनानाथांची पत्नी शेवंती, म्हणजे माई मंगेशकर, ही येथल्या हरिदास लाड या गुजराती शेठजींची मुलगी. गोव्याचे नाटकमंडळीतले गवई आणि तापीकाठचे गुजराती व्यापारी यांचा संबंध कसा जुळला, हे नवल वाटण्याजोगे आहे खरे. पण सुरतेच्या रस्त्यावरच्या गावात गुजराती पेढ्या असणार आणि सधन पेठांच्या गावी नाटक कंपन्यांचे मुक्काम पडणार, हे ध्यानात घेतले की नवल कमी होते. लताबाईंना आजीकडून गुजराती गाणी मिळाली, ती या घरातून. गावातल्या माणसाला फारुकींचे विचारले तर तो हजिऱ्याकडे बोट दाखवतो, पण मंगेशकरांचे विचारले की खुर्ची ओढून बसतो.

रस्त्यांनी गावाकडे पाठ कशी फिरवली, ते परतताना नकाशा मनात आणला की स्पष्ट होते. सुरत-भुसावळ लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभाला झाला, तो तापीच्या दक्षिणेकडून, नंदुरबार, नरडाणे, अमळनेर असा गेला. मुंबई-आग्रा रस्त्याला सावळद्याला पूल मिळाला. ताव्हेर्निए ज्या वाटेने गेला ती आज अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गाच्या रूपाने जिवंत आहे, पण शिरपूरहून तो सरळ चोपड्याकडे निघतो आणि थाळनेर काही किलोमीटर दक्षिणेला सोडून देतो. तिन्ही वाटा जवळून जातात आणि एकही गावातून जात नाही. मोठ्या वाटेवरच्या गावांना जे काही होते, म्हणजे ढाबे, गॅरेज, लॉज, प्लॉटिंगचे फलक, त्यातले येथे फार थोडे आहे. गाव मागासले आहे असेही नाही. शेती चांगली आहे, मुले शिरपूरच्या कॉलेजांत शिकतात. येथून कोणी जात नाही, एवढेच.

पाहायला जाणार असाल तर दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ निवडावा, कारण त्यानंतर खानदेशचे ऊन मोकळ्या टेकाडावर उभे राहू देत नाही, आणि पावसाळ्यात दरडीच्या कडेला जाणे धोक्याचे असते. प्रथम हजिरे पाहावेत, उन्हे कलल्यावर किल्ला. अष्टकोनी थडग्यावर सकाळचे तिरपे ऊन चांगले पडते. पांझरा तापीला मिळते तेथे मुडावदला कपिलेश्वराचे देऊळ आहे, ते शिंदखेड्याच्या बाजूने वेगळे करावे. आणि ज्यांना दोन दिवस मोकळे आहेत त्यांनी शिरपूरहून चोपडा, यावल, रावेर असे करीत बऱ्हाणपूर गाठावे, म्हणजे जुन्या तांड्यांची वाट आपोआप होते. मुबारकखानाचा मुलगा आदिलखान दुसरा हा या घराण्यातला सर्वांत पराक्रमी सुलतान. 1501 मध्ये तो वारला, तेव्हा वडील-आजोबांसारखा थाळनेरला आणला गेला नाही. त्याला बऱ्हाणपूरलाच पुरले. त्यामुळे थाळनेरच्या हजिऱ्यांत सुरू झालेली ही वंशावळ पुरी पाहायची असेल, तर बऱ्हाणपूरला गेल्यावाचून गत्यंतर नाही.